वास येतो केव्हा, ते आधी पाहा

गाडी पंधरा वर्षं जुनी. सोमवारी आत बसताच पेट्रोलचा भपकारा, मंगळवारी काहीच नाही. बुधवारी गॅरेजला नेली, तर मिस्त्री बॉनेट उघडतो, दोन-चार होज दाबून बघतो आणि म्हणतो, "इथं तर काही वास नाही, साहेब." गाडी घरी येते. चार दिवसांनी वासही येतो.

असा लपाछपीचा वास पकडणं अवघड, पण तो मनमानी नसतो. टाकी किती भरली आहे, इंजिन गार आहे की तापलेलं, पाइपात दाब आहे की नाही, यावर तो ठरतो. वास नेमका केव्हा येतो हे कळलं, तर तो कुठून येतो याचा निम्मा शोध लागला. आड येतात ते काही पक्के गैरसमज.

गैरसमज : खाली थेंब नाही, म्हणजे गळती नाही.

पेट्रोलचे हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतात. तापलेल्या इंजिनाजवळ झिरपलेलं पेट्रोल जमिनीपर्यंत पोचतच नाही. खूण राहते ती जोडापाशी : क्लिपेभोवती धूळ ओलसर होऊन चिकटलेली असते, किंवा पिवळट-तपकिरी चिकट थर साचलेला असतो. नाकाला पेट्रोल फार कमी प्रमाणातही कळतं, पण त्याला त्या वासाची सवयही काही मिनिटांतच होते. चालवणारा "गेला वास" म्हणतो, तेव्हा बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारावं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. बंद गॅरेजात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये ती खालीच साचते, म्हणून तिथे वाकून वास घेतला तर जास्त कळतं.

गैरसमज : टाकी फुल्ल केली की थोडा वास येणारच.

टाकी भरल्यावर येणारा आणि अर्धी झाल्यावर जाणारा वास म्हणजे टाकीच्या वरच्या भागाकडे दाखवलेलं बोट आहे. झाकणाचं रबर, भरणीच्या नळीचा होज, ब्रीदर पाइप आणि पंपाचं गॅस्केट, या क्रमाने तपासावं. अनेक हॅचबॅक गाड्यांत मागच्या सीटखाली एक झाकण असतं आणि त्याखाली पंप. पंप बदलताना जुनंच गॅस्केट परत बसवलं, तर वास आधी मागे बसलेल्यांना येतो.

पंपावरची "राउंड फिगर करा" ही सवयही नडते. नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल कोंबलं, तर त्याला फुगायला जागा उरत नाही. दर दहा अंशांमागे पेट्रोल साधारण एक टक्का प्रसरण पावतं. म्हणजे ४० लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं की जवळपास पाऊण लिटर वाढतं. मग ते वाफेच्या नळीतून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं. हा कोळसा वाफ शोषण्यासाठी असतो. तो पेट्रोलने भिजला की वास कित्येक दिवस रेंगाळतो.

गैरसमज : कार्ब्युरेटरच्या गाडीला वास असतोच.

हे अर्धंच खरं. इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता वर येते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची वाफ होते. नागपूरच्या मे महिन्यात गाडी लावल्यावर थोडा वेळ मंद वास आला, तर नवल नाही. पण रात्रभर उभ्या गाडीला सकाळी वास येत असेल, किंवा ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल येत असेल, तर फ्लोटची निडल झिजली आहे, तिथे कचरा अडकला आहे, किंवा फ्लोटला छिद्र पडलं आहे.

जुनी पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असेल, तर यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही बघावा. तो फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून पाहावी. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली, ऑइल पातळ आणि त्याला पेट्रोलचा वास, असं दिसलं तर गाडी चालवू नये. डायफ्रॅम आणि ऑइल दोन्ही बदलावे लागतात.

गैरसमज : गाडी गरम झाली की वास जातो, मग काळजी कसली?

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत इंधनाचा दाब तीन बारच्या आसपास, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. तो इंजेक्टरच्या बारीक ओ-रिंगने तोलून धरलेला असतो. जुनी, कडक झालेली रिंग थंडीत आकसते आणि फट पडते. इंजिन तापलं की ती फुगून फट बुजवते. दुपारी गॅरेजला नेलेली गाडी म्हणूनच "ठीक" ठरते. अशी गाडी मिस्त्रीकडे रात्रीच ठेवावी आणि सकाळी गार इंजिनावर तपासायला सांगावी.

गैरसमज : पीयूसी पास आहे, म्हणजे गाडी ठीक.

पीयूसीत तपासला जातो तो सायलेन्सरमधून येणारा धूर. टाकी, होज, कॅनिस्टर यांची तपासणी त्यात नसते. वास फक्त गाडीच्या मागे आणि इंजिन चालू असतानाच येत असेल, तर प्लग मिस होतोय किंवा चोक अडकलाय का ते बघावं, कारण न जळलेलं पेट्रोल धुरातून बाहेर पडतं. त्यात डिकीचं रबर फाटलेलं असेल, तर तोच धूर आत येतो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

गैरसमज : सगळा दोष इथेनॉलचा.

ई-२० पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांतलं काही रबर लवकर खराब होऊ शकतं, हे खरं. पण पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेला होज इथेनॉल नसतानाही तडकतोच. क्लिपेजवळ तो बोटांनी वाकवून पाहावा. बारीक चिरा दिसल्या, तर इंधनासाठीचाच होज बसवावा. पाण्याची नळी किंवा टाकीच्या छिद्राला चोळलेला साबण हा इलाज नव्हे.

सीएनजी किट असलेल्या गाडीत आणखी घोळ होतो. गॅसला मुद्दाम घातलेला कुजकट, गंधकी वास असतो, पेट्रोलचा वास वेगळा. कोणता वास आहे हे आधी ठरवावं. गॅसचा असेल, तर अधिकृत केंद्रातच तपासणी करून घ्यावी.

गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर मोबाइलवर नोंद ठेवावी : वास आला ती वेळ, टाकीतली पातळी, इंजिन गार की गरम, एसी बाहेरची हवा घेत होता का, वास पुढे जास्त की मागे. ही नोंद मिस्त्रीच्या हातात द्यावी. पण कुठेही ओलं पेट्रोल दिसलं, तर नोंदी बाजूला ठेवाव्यात. गाडी सुरू करू नये, जवळ काडी ओढू नये, माणसांना लांब करावं आणि गाडी टो करूनच न्यावी.