शस्त्रक्रियेनंतर मांजराची हगवण

सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक शेतकऱ्यांच्या घरी ज्वारीची कणगी व भुईमुगाची पोती उंदरांपासून राखण्याचे काम मांजर करते. पिलांची संख्या बेताची राहावी म्हणून मांजराचे निर्बीजीकरण करून घेणे हितावह आहे. तथापि त्यानंतर एखाद्या तरुण मांजरास हगवण लागून राहते, आणि घरची माणसे शस्त्रक्रियेस दोष देतात.

वस्तुतः या शस्त्रक्रियेत आतडे कापले जात नाही. भीती व प्रतिजैविक औषधे यांमुळे काही दिवस शौच पातळ होऊ शकते. तक्रार त्यापुढेही टिकल्यास कारण अन्यत्र शोधावे. अशक्तपणा जावा म्हणून मांजरास दूध पाजतात. परंतु वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दुधातील साखर पचत नाही. दुसरे कारण जंतांचे. गोलकृमी पिलास आईच्या दुधातूनच लागतात.

यास्तव दूध बंद करावे. मीठमसाला न घालता शिजविलेले, हाडे काढलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे द्यावे व स्वच्छ पाणी ठेवावे. ताज्या विष्ठेचा नमुना डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. विष्ठेत रक्त दिसल्यास, उलट्या होत असल्यास अथवा मांजराने अन्न सोडल्यास त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे. घरातील पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नये. ती मांजरास प्राणघातक ठरते.

हे जंत लहान मुलांसही बाधतात. म्हणून विष्ठा हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी या गोष्टी घरोघरी समजावून सांगाव्यात.