दोन पावलं, एक फेक

स्कॉटलंडच्या स्पे नदीवर सॅमन धरायचा तर आधी नदीचा तुकडा दिवसाच्या भाड्याने घ्यावा लागतो. त्याला बीट म्हणतात. इथे सॅमन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी मालमत्ता असते. काठावरचं शेत एकाचं आणि पाण्यातल्या सॅमनवरचा हक्क भलत्याचाच, असंही असतं. बीटवर गिली असतो. राखणदार, वाटाड्या आणि वेळप्रसंगी कान उपटणारा मास्तर.

आमच्या गिलीने आल्या आल्या काठावरची मोजपट्टी पाहिली, वारा पाहिला आणि पेटीतून पेराएवढी फ्लाय, म्हणजे केसा-पिसांनी मढवलेला गळ, काढली. नारिंगी-पिवळ्या केसांची कॅस्केड. तिच्या शेजारीच जुन्या घाटाची एक जॉक स्कॉट होती. तिच्या गालावर लाखेसारखी चकाकणारी पांढरट टिकली म्हणजे राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला. एकोणिसाव्या शतकात ही पिसं इथल्या फ्लायसाठी भारतातून जात. आता हे कोंबडे विलायतेतच पाळतात.

गंमत अशी की अंडी घालायला समुद्रातून परतलेला सॅमन नदीत काही खातच नाही. मग तो फ्लाय तोंडात का घेतो? कुणी चीड म्हणतं, कुणी जुनी सवय. वाद अजून मिटलेला नाही.

काठी पंधरा फुटी, दोन्ही हातांनी धरायची. मागे झाडी असल्याने दोरी मागे भिरकावायला जागा नसते. त्यावर या नदीने काढलेला तोडगा म्हणजे स्पे कास्ट. दोरीचं टोक क्षणभर पाण्याला चिकटू द्यायचं, उरलेल्या दोरीची कमान खांद्यामागे फुगली की काठी पुढे सोडायची. पाण्याची ती पकडच काठीला बाक देते. वारा प्रवाहाच्या उलट वर वाहत असेल तर सिंगल स्पे, प्रवाहाबरोबर खाली वाहत असेल तर डबल. यात गफलत झाली तर गळ थेट कानात.

फेक समोरच्या काठाकडे, जरा खालच्या अंगाला. फ्लाय कमानीत फिरत आपल्या काठाशी येते, दोरी सरळ होते. मग खाली दोन पावलं आणि पुन्हा फेक. अख्खा डोह असा उतरायचा. नवखा माणूस आवडत्या जागी रेंगाळतो आणि मागून गिलीचा आवाज येतो, ‘चला, पुढे!’ माझ्या मते खरी विद्या या दोन पावलांत आहे. लांब फेक सरावाने जमते. प्रत्येक वावभर पाण्याला सारखाच मान देणं फार थोड्यांना जमतं.

ओढ लागली की झटका द्यायचा नाही. सॅमन फ्लाय घेऊन वळला की गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. म्हणून मनात ‘गॉड सेव्ह द क्वीन’ म्हणून मग काठी उचलायची, अशी जुनी शिकवण. ब्रिटनचा विक्रमी सॅमन मात्र फ्लायवर आलेलाच नाही. 1922 साली टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी धरलेला तो 64 पौंडांचा मासा आमिषाला लागला होता. फ्लायवाले ही गोष्ट हळूच सांगतात.

सी ट्राउटचा कारभार रात्रीचा. हा साध्या तपकिरी ट्राउटचाच समुद्र पाहून आलेला भाऊबंद, पण दिवसा महाभित्रा. जूनमध्ये इथे अकरापर्यंत उजेड रेंगाळतो, तोवर काठावर बसून राहायचं. घाईने डोहात उतरलात किंवा पाण्यावर बॅटरी मारलीत, की ती रात्र गेली.

जाळ्यात आलेला सॅमन बहुतेकजण सोडून देतात. पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपूट मारेपर्यंत धरायचा. 1 एप्रिलपूर्वीचा सॅमन सोडणं कायद्यानेच सक्तीचं आहे. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या सॅमनची नोंद धोक्यातल्या प्रजातींत झाली, त्यामुळे कुरकुरणारेही कमी झालेत. भाडं भरून मासा परत सोडायचा हा व्यवहार आपल्याकडे कुणाला पटणार नाही. मला तिथे उभं राहिल्यावर पटला.

स्पेचा हंगाम 11 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर. जाणार असाल तर रविवार सोडून आखणी करा. त्या दिवशी स्कॉटलंडभर सॅमन आणि सी ट्राउट धरायला कायद्याने बंदी आहे.