तेलांतील दूध : जुन्या मोटारसायकलची एक परीक्षा

जुनी मोटारसायकल घेणारा गृहस्थ सामान्यतः रंग पाहतो, टायर चाचपतो, एक फेरी मारून येतो आणि लागलीच किमतीची घासाघीस करूं लागतो. इंजिनाच्या अंगाला खालच्या बाजूस तेल पाहण्याची एक लहानशी वाटोळी कांच पुष्कळ गाड्यांना असते. तिच्याकडे वांकून पाहणारा मात्र विरळा. कांचेंतून तेल मधासारखें अथवा काळसर दिसलें, तर चिंतेचें कारण नाहीं. तें दूध घातलेल्या चहासारखें दिसलें, तर बोलणीं क्षणभर थांबवावीं.

अर्थात् ही परीक्षा सर्वच गाड्यांची नव्हे. स्प्लेंडर किंवा बुलेट यांचीं इंजिनें वाऱ्यानें थंड होतात. त्यांना रेडिएटरच नसल्यामुळें कूलंट तेलांत शिरण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं. २००८ सालीं यामाहाची आर-१५ आणि २०१२ सालीं केटीएमची २०० ड्यूक भारतांत विक्रीस आली. तेव्हांपासून द्रवानें थंड होणारीं इंजिनें आपल्याकडील रस्त्यांवर वाढत गेलीं, आणि त्यांतील कित्येक आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातीं आहेत.

अशा इंजिनांत तेल आणि कूलंट हे दोन शेजारी एका भिंतीआड नांदतात. सिलिंडर आणि त्याचें डोकें यांच्यामधील हेड गॅस्केट ही त्या भिंतीची एक बाजू. तिचीच बदनामी अधिक. परंतु मोटारसायकलच्या बाबतींत पहिला संशय पाण्याच्या पंपावर घेणें शहाणपणाचें. पंपाच्या दांड्यावर दोन सीलें असतात : एक कूलंट अडवितें, दुसरें तेल. या दोहोंच्या मध्यें पंपाच्या पोटाशीं एक बारीक भोंक मुद्दाम ठेवलेलें असतें. सील झिजलें तर गळती बाहेर ठिबकावी, आंत जाऊं नये, अशी ती योजना. हें भोंक चिखलानें बुजलें, किंवा एखाद्या अर्धवट कारागिरानें गळती बंद करण्यासाठीं त्यांत लांबी भरली, तर बाहेरचें ठिबकणें थांबतें खरें. पण कूलंटला मग तेलाकडेच वाट उरते. तापलेलें इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब नाहींसा होतो आणि कूलंटचा कांहीं वेळ टिकून राहतो. आंत झिरपण्यास ही घटका विशेष अनुकूल.

तरीहि दुधाळ तेल म्हणजे फुटलेलें सील, असा निकाल एकदम देऊं नये. पावसाळ्यांत घरापासून कचेरीपर्यंत दोन-तीन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीचें इंजिन पुरतें तापत नाहीं. हवेंतील दमटपणा आंत थिजतो आणि तेल भरण्याच्या झांकणाखालीं पिवळसर साय धरतो. गाडी पुरांत बुडाली असेल, तर साधें पाणीहि हाच रंग देतें. म्हणून पाहावयाचें तें दोन्ही भांड्यांत. गाडी पूर्ण थंड असतांना रेडिएटरचें झांकण उघडावें. तापलेल्या गाडीचें झांकण उघडणारा हमखास भाजतो. कूलंट काठोकाठ असून टाकींतील पातळीहि दिवसेंदिवस स्थिर असेल आणि तीस-चाळीस किलोमीटरच्या एका दौडीनंतर साय नाहींशी होत असेल, तर दोष दमटपणाचा. पातळी उतरते आहे, बाहेर थेंबहि दिसत नाहीं, आणि तेल बदलूनहि दूध पुन्हां येतें, तर मात्र भिंत कोठें तरी फुटली आहे.

मिस्त्री आणखी एक परीक्षा करतात. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. त्यांत पाणी असेल तर तो फोडणीसारखा तडतडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा निचऱ्याचा बोल्ट हळूच सैल केल्यास तेलाआधीं कधीं कधीं कूलंटचे रंगीत थेंब पडतात, कारण तें तेलाहून जड. पंप कीं गॅस्केट, हें ठरविण्यासाठीं रेडिएटरला हातपंपानें झांकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देऊन कांटा पाहतात. इंजिन चालू असतां रेडिएटरांत सतत बुडबुडे येणें आणि धुराड्यांतून दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर निघणें, हीं लक्षणें गॅस्केटकडे बोट दाखवितात.

विकणाऱ्यानें आदल्या दिवशींच तेल बदललेलें असेल, तर कांच निर्मळ दिसणारच. रेडिएटरांत कूलंटऐवजीं नळाचें पाणी आढळलें, तर तें वरचेवर कां भरावें लागत होतें, हें विचारण्याचा घेणाऱ्यास पूर्ण अधिकार आहे.

हा सारा खटाटोप एवढ्यासाठीं कीं, मोटारसायकलींत बहुधा एकच तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांची सेवा करतें. त्यांत कूलंट मिसळलें कीं बेअरिंगांवरचा तेलाचा पातळ पडदा तुटतो. ग्लायकोलपासून आम्ल आणि गाळ तयार होतो. वेळींच कळलें तर पंपाचीं सीलें बदलून भागतें. तसेंच दामटलें तर क्रँकपर्यंत इंजिन खोलावें लागतें, आणि तो खर्च कधीं कधीं गाडीच्या किमतीशींच स्पर्धा करतो.

दोष ठरल्यावर गाडी चालवीत गॅरेजपर्यंत नेऊं नये, टेंपोंत घालून न्यावी. दुरुस्तीनंतर पहिलें तेल थोड्याच अंतरावर काढून टाकावें आणि पुन्हां नवें भरावें, कारण कोनाकोपऱ्यांत दडलेला गाळ एका खेपेस निघत नाहीं. काढलेलें कूलंट अंगणांत उघडें ठेवूं नये. तें चवीला गोड आणि विषारी असतें; कुत्रीं-मांजरें तें चाटतात.