भिंतीतली वायर : वाट सरळ असू द्या



भात-नागलीची झोडणी उरकली, की आपल्या जव्हार-मोखाड्याकडे घरांची कामं निघतात. कुडाच्या जागी विटांच्या भिंती येतात आणि वायर भिंतीत गाडली जाते. घर छान दिसतं. पण वायर दिसेनाशी झाली म्हणजे धोका गेला, असं नाही. चार वर्षांनी इरलं टांगायला घरातलंच कुणी खिळा ठोकतं. खिळा दीड-दोन इंच आत जातो. वायर त्याच्या अलीकडेच असते. घरातली वीज २३० व्होल्टची. तिचा झटका जीव घेऊ शकतो. म्हणून वायरची वाट अशी असावी, की भिंत न फोडता ती कुणालाही ओळखता यावी.

काय करावे?

१. वायर बोर्डापासून सरळ उभी वर न्यावी. आडवी न्यायची तर छताखाली वीतभर अंतरात. तिरकी नेल्यास थोडी वायर वाचते, पण खिळा कुठं मारू नये ते कळत नाही.

२. नुसती वायर गिलाव्यात गाडू नये. आयएसआय चिन्हाच्या पीव्हीसी पाइपातूनच न्यावी. पुढं बदलायची झाल्यास ओढून काढता येते. जोड पाइपात नको, डबीतच द्यावा.

३. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारू नये. भिंत कमजोर होते.

४. दिवे-पंख्यांना १.५ आणि जड उपकरणांच्या प्लगला किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी.

५. अर्थिंग हवंच. एमसीबी जादा भार आला किंवा शॉर्ट झालं तर वीज तोडतो. अंगातून जमिनीत जाणारी वीज त्याला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि त्यावरचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून पाहावं.

६. गिलाव्याआधी पाइपांचा फोटो काढावा किंवा कागदावर मापं लिहून ठेवावीत.

कुडाचं घर असेल तर?

कारवीच्या कुडात वायर लपवूच नका. शेणमाती पावसात ओल धरते, उंदीर वायर कुरतडतात आणि ठिणगी पडली तर वाळकी कारवी पेट घेते. पाइप उघडाच ठेवून लाकडी मेढीवर पट्ट्यांनी पक्का करा. पत्र्याच्या धारेला वायर घासू देऊ नका. साल गेली तर सगळं छप्परच वीज धरतं.

झटका बसल्यास

आधी मेन स्विच बंद करा. तोवर माणसाला हात लावू नका. स्विच लांब असेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडानं वायर दूर सारा आणि १०८ ला फोन करा.

विहिरीवरच्या मोटरीची वायर आपण डोळ्यात तेल घालून जपतो. घरच्या भिंतीकडेही तसंच पाहा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि झिरी मारायच्या आधी वायरची वाट स्वतः उभं राहून खडूनं आखून घ्या.