मनीचा श्वास मोजलात का?

संध्याकाळी हर्णेच्या बंदरावर लिलाव सुरू झाला की माणसांच्या पायांतून मांजरं आणि कुत्रीही हजेरी लावतात. बोलीचा गलका, बर्फ, बांगड्यांनी भरलेल्या पाट्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली एखादी मनी. तुमच्याही घरी अशी एक असेल. समजा, एके रात्री ती जमिनीला चिकटून, मान लांब करून खॉक-खॉक करायला लागली. आजी म्हणेल, ‘काटा अडकलाय, भाताचा गोळा घाल.’ दादा म्हणेल, ‘केस गिळलेत, ओकली की मोकळी होईल.’ आणि तुम्ही मोबाइलवर सर्च करत बसाल.

तिघांचंही चुकू शकतं. कारण मांजराचा खोकला अगदी उलटीच्या तयारीसारखा दिसतो. दमा असलेली कितीतरी मांजरं ‘केस अडकले असतील’ या समजुतीत महिनोन्महिने उपचाराविना राहतात. फरक ओळखायचा कसा? उलटीच्या वेळी पोट जोरजोरात आत ओढलं जातं आणि शेवटी काहीतरी बाहेर पडतं. खोकल्यात मान पुढे ताणली जाते आणि बहुतेकदा बाहेर काहीच येत नाही.

म्हणून पहिलं काम, व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं की तीच मनी दगडासारखी गप्प बसते. तुमच्याकडचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना जे दाखवेल, ते तुम्हाला शब्दांत सांगता येणार नाही. बाजूने काढा, छाती-पोट दिसू दे, आवाज येऊ दे. फक्त त्याला गाणं लावू नका!

दुसरं काम, श्वास मोजा. प्राणी गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. तीस सेकंद मोजा, दुपटीने घ्या. कुत्रा असो वा मांजर, झोपेत हा आकडा मिनिटाला ३० च्या आत हवा. तो सतत त्याच्या वर जात असेल तर दवाखाना गाठा. पळून आलेला किंवा उन्हात बसलेला कुत्रा धापा टाकतो, ते मोजू नका. मांजर घुरघुरत असेल तेव्हाही नाही.

डॉक्टर आधी हात न लावता नुसते बघतात. श्वास आत घेताना त्रास होतोय आणि आवाज येतोय? मग अडचण बहुधा नाक, घसा किंवा श्वासनलिकेच्या वरच्या भागात. श्वास भरभर पण उथळ? मग फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी साचल्याची शंका. पॉमेरियनसारख्या लहान जातींत हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला आला की श्वासनलिका चपटी होत असल्याचा संशय येतो. पिल्लाच्या डोळ्यानाकातून घाण, ताप आणि खोकला असेल तर डिस्टेंपर डोक्यात ठेवावा लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला कधी कधी हृदयाच्या दुखण्यातून येतो. मग स्टेथोस्कोप, एक्स-रे, रक्ततपासणी.

पण धाप लागलेल्या मांजराला एक्स-रेसाठी उताणं दाबून धरलं तर ते तिथेच जाऊ शकतं. म्हणून आधी ऑक्सिजन, शांतता आणि मगच तपासणी. ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ असं वाटेल तेव्हा ते तिला सावरायला वेळ देत असतात. छातीत पाणी असेल तर सुईने ते काढतात. मनीला लगेच मोकळा श्वास मिळतो आणि तपासायला नमुनाही.

आता काट्याबद्दल. बंदरावर काटा खरंच अडकू शकतो. पण कुत्रा जबडा लोंबकळत ठेवून लाळ गाळतोय, आवाज बदललाय आणि घशात हाड अडकल्यासारखं करतोय, तर तो रेबीजही असू शकतो. अशा वेळी तोंडात हात घालू नका. चावला किंवा लाळ जखमेला लागली तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

घरातली औषधंही नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच ती मारते. आणि आजीचा भाताचा गोळा? धाप लागलेल्या प्राण्याच्या तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. आजीला प्रेमाने सांगा.

सकाळची वाट बघू नका, जर
• मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल
• हिरड्या निळ्या, पांढऱ्या किंवा तपकिरी दिसत असतील
• प्राणी मान ताणून, कोपरं बाहेर काढून बसलाय आणि आडवा होतच नाही

हर्णेहून दापोली पंधराएक किलोमीटर. रात्री एवढा रस्ता कापायचा की सकाळपर्यंत थांबायचं, हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. म्हणून आज मनी ठणठणीत आहे तेव्हाच ती झोपल्यावर श्वास मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजचा आकडा माहीत असेल, तरच उद्याचा वाढलेला कळेल.