पोटाची तक्रार आणि यंत्राचे निदान

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेत पेढी उघडण्यापूर्वी दोन-तीनदा शौचास जाऊनही पोट साफ झाल्याचे समाधान न मिळणारे गृहस्थ थोडे नाहीत. रक्ततपासणी, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी सारे निर्दोष निघते. दुखणे मात्र तसेच राहते. या विकारास वैद्यक 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' म्हणते. २०१६ च्या 'रोम' निकषांनुसार त्याचे निदान मुख्यतः रुग्णाच्या कथनावरून होते: पोटदुखी किती वेळा, शौचाशी तिचा संबंध काय, मलाचे स्वरूप बदलले का. कथनावरून निष्कर्ष काढणे हेच कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम असल्याने तिचे लक्ष इकडे वळावे, यात नवल नाही.

तसा हा प्रयत्न जुनाच. १९७२ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डोंबल यांनी अचानक पोट दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांची लक्षणे संगणकास पुरवली. त्याचे निदान ९१.८ टक्के बरोबर आले, अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ टक्के. परंतु ती लक्षणे डॉक्टरांनीच काळजीपूर्वक विचारून नोंदवली होती, हे विसरून चालणार नाही. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील संशोधकांनी मोबाइलने टिपलेल्या छायाचित्रांवरून मलाचे स्वरूप यंत्राकडून ठरवून घेतले. रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा ते तज्ज्ञांच्या मताशी अधिक जुळले. विषय संकोचाचा खरा; पण संकोचामुळेच रुग्ण अर्धवट सांगतो.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. भारतीय तज्ज्ञांच्या २००८ च्या पाहणीत बहुतेक रुग्ण दिवसातून एकदा किंवा अधिक वेळा शौचास जात असल्याचे आढळले. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा म्हणजे बद्धकोष्ठ, एवढेच पाश्चात्त्य माप शिकलेले यंत्र इथे फसू शकते.

आहाराबाबत तर गंमतच होते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात आकारास आलेल्या 'लो फॉडमॅप' आहारपद्धतीच्या आधारे यंत्र प्रथम सांगते, कांदा-लसूण सोडा. जैन स्वयंपाकघरात ते आलेलेच नसतात! पुढे सुचवते, बटाटे व गाजर खा. ती तर कंदमुळे. खरा संशय घ्यावा तो गहू, तूर, हरभरा, दूध यांवर. चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य करणाऱ्या घरी कडधान्ये वाढतात, आयंबिलातही धान्य-कडधान्यांवरच भिस्त असते. पोट फुगण्याचे कारण तिथे सापडू शकते. चौविहार, उपवास, वर्ज्य पदार्थ हे सारे यंत्राला आधीच सांगितले, तर तांदूळ, ज्वारी, काकडी, टोमॅटो असा उपयोगी सल्ला मिळण्याची शक्यता वाढते. हे पथ्यही चार-सहा आठवड्यांपुरतेच. नंतर एकेक पदार्थ परत घेऊन पाहायचा असतो. कायमची काटछाट केल्यास अशक्तपणाच पदरी पडतो.

मलातून रक्त, विनाकारण घटणारे वजन, पंडुरोग, रात्री झोपेतून उठवणारा त्रास किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार यांपैकी काही असेल, तर मोबाइलला विचारत बसू नये. आतड्याचा क्षय आणि कर्करोगही प्रारंभी असेच सोंग घेतात. एरवी पेढीवरच्या रोजमेळासारखी दोन आठवड्यांची नोंद ठेवावी: काय व केव्हा खाल्ले, कधी दुखले, शौच कसे झाले. यंत्र त्या नोंदीतील मेळ चटकन दाखवील. पोटावर हात ठेवून तपासणाऱ्या डॉक्टरांपुढेही तीच वही उघडावी.