अणुगर्भाचा आकार कसा ओळखतात?

शाळेच्या पुस्तकात अणूचे चित्र असते. मधोमध प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा गोल पुंजका आणि भोवती इलेक्ट्रॉन. त्यावरून अणुगर्भ गोलच असतो असा आपला समज होतो. शिसे-२०८ सारखे काही अणुगर्भ खरोखरच गोल आहेत. परंतु काही संत्र्यासारखे चपटे, तर कित्येक लांबट बोरासारखे असतात. रेडियम-२२४ चा अणुगर्भ तर पेरूसारखा एका टोकास निमुळता आहे, असे २०१३ साली जिनिव्हाजवळील सर्न येथील प्रयोगात दिसून आले.

अणुगर्भ अणूच्या दहा हजार पटींहून लहान. कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार दिसत नाही. मग न पाहता तो सांगायचा कशाच्या आधारे? विद्यार्थी मित्रांनी हा प्रश्न जरूर विचारावा. त्याचे उत्तर आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

गुळगुळीत गोटी फिरते की स्थिर आहे, हे नुसते पाहून कळत नाही. बोर फिरले तर लगेच कळते. पुंजभौतिकीचा नियम याहून कडक आहे : पूर्ण गोल अणुगर्भाला एकसंधपणे फिरताच येत नाही, गोल नसलेल्याला येते. फिरणारा अणुगर्भ पायरीपायरीने मंदावतो आणि प्रत्येक पायरीस एक गॅमा किरण बाहेर टाकतो. एर्बियम-१६६ चे असे किरण अनुक्रमे ८१, १८४, २८० व ३६६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे आहेत. दोन किरणांतील अंतर शंभराच्या आसपास व हळूहळू घटणारे. ही शिस्तबद्ध शिडी म्हणजेच गोल नसलेल्या अणुगर्भाच्या फिरण्याची खूण होय. असा आकार का येतो, याचा सिद्धांत मांडल्याबद्दल आगे बोर, बेन मॉटेलसन व जेम्स रेनवॉटर यांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निसर्गात न आढळणारे अल्पजीवी अणुगर्भ मात्र तयारच करावे लागतात. आपल्या राज्यात हे काम मुंबईस कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालत आले आहे. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला १४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. त्यातून वेगाने निघालेले आयन धातूच्या पातळ पत्र्यावर आदळतात. दोन अणुगर्भ एकजीव होतात, काही न्यूट्रॉन उडून जातात आणि गरगर फिरणारा नवा अणुगर्भ गॅमा किरण सोडत शांत होतो.

हे किरण टिपण्यासाठी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेले जर्मेनियमचे शोधक लागतात. एका शोधकात चार स्फटिक चार पाकळ्यांप्रमाणे बसविलेले असतात. दोन किरण एकाच क्षणी टिपले गेले, तरच ते एकाच अणुगर्भाचे मानले जातात. अशा कोट्यवधी जोड्यांतून शिडी जुळवावी लागते. किरणांची ऊर्जा फिरणे सांगते. आकार किती ताणलेला, हे मात्र प्रत्येक पायरी किती काळ टिकते यावरून ठरते. जितका जास्त ताण, तितका किरण लवकर सुटतो. हा अत्यल्प काळ मोजण्यास डॉप्लर परिणाम उपयोगी पडतो. धावत्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसाच हा प्रकार.

१९८६ साली इंग्लंडमधील डेअर्सबरी येथे डिस्प्रोसियम-१५२ मध्ये सुमारे ४७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट समान अंतराचे १९ किरण एकापाठोपाठ सापडले. तो अणुगर्भ रुंदीच्या दुप्पट लांब होता!

असे शोधक अतिशय महाग असतात. एकेका संस्थेस मोठा संच परवडण्यासारखा नव्हता. म्हणून देशातील संस्थांनी आपापले शोधक एकत्र करून ‘इंडियन नॅशनल गॅमा ॲरे’ हा २४ शोधकांपर्यंतचा संच उभा केला. मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील त्वरकांवर तो आळीपाळीने मांडला गेला आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही त्यावर प्रयोग करता आले. वर्गणीतून उभे राहिलेले काम किती मोठे होऊ शकते, हे मंडळाच्या सभासदांना वेगळे सांगावयास नको.

आमच्या गावातील मुलामुलींनी भौतिकशास्त्र अवघड म्हणून सोडू नये. ८१, १८४, २८०, ३६६ हे आकडे वहीत मांडून त्यांतील अंतरे स्वतः काढून पाहावीत. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या वस्तूचा आकार साध्या वजाबाकीतून उलगडू लागतो, याची खात्री ज्याची त्यालाच पटेल.